टेकडीवरची सोबत

मी बडोदं सोडलं त्या संध्याकाळी बाबा मला पोचवायला आले नाहीत. त्यांचा रिलीव्हर आला नव्हता.

प्लांटमध्ये कधी काम न केलेल्यांना हे समजावून सांगावं लागेल. बाबा बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज होते. आठ तास कंट्रोल रूममध्ये बसायचं, पॅनलवरचे आकडे बघायचे, दर तासाला लॉगबुकात लिहायचे. शिफ्ट संपली की पुढचा माणूस येणार, त्याला चार्ज द्यायचा आणि मगच खुर्चीवरून उठायचं. हा पुढचा माणूस म्हणजे रिलीव्हर. तो आला नाही तर सोळा तास बसा, पण पॅनल सोडायचं नाही. आमच्या घरातले सगळे सणवार या रिलीव्हरच्या मर्जीवर चालायचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, पहाऱ्यावर असायचे, तेव्हा जागा न सोडणं आपल्या रक्तातच आहे असं आत्या कौतुकाने सांगायची. आई म्हणायची, "रक्तात असेल, पण इथे जेवण गार होतं त्याचं काय?"

तर बडोद्यातल्या वासणा भागातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी गाडी उभी होती. अहमदाबादहून विमान होतं. दोन बॅगा डिकीत गेल्या होत्या, तिसरीत ठेपले आणि गोडा मसाला होता आणि ती कुठे ठेवायची यावर आई आणि ड्रायव्हरची चर्चा चालली होती. आईने माझ्या हातावर दहीसाखर ठेवली तेवढ्यात फोन वाजला.

"रिलीव्हर आला नाही अजून," बाबा म्हणाले. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. "तू निघ. उशीर करू नकोस. आणि पोचलीस की मिस कॉल दे."

पाच वर्षांसाठी अमेरिकेला निघालेल्या मुलीला बापाने एवढंच सांगावं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. रडू अहमदाबादच्या टोलनाक्यावर आलं.

मिस कॉल हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. शाळेच्या ट्यूशनपासून सुरू झालेलं. कुठेही गेले तरी पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि कापायची. बाबा शिफ्टवर असले तर त्यांचा फोन टेबलावर एकदा थरथरायचा, की झालं. नवरात्रात मी रात्री एक वाजता गरबा खेळून स्कूटरवरून एकटी घरी यायचे, त्याला कुणाची हरकत नसायची, कारण सगळं बडोदंच रस्त्यावर असायचं. पण रिंग तेव्हाही द्यावी लागायची. लॉगबुकात माझाही एक रकाना आहे वाटतं, असं मी त्यांना चिडवायचे. ते हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

बडोदं सपाट आहे. ज्यांनी ते सोडलंय त्यांनाच हे कळतं, तिथे राहणाऱ्यांना कळायचं कारण नाही. आमच्याकडे चढ म्हणजे फ्लायओव्हर. पावागड दूर आहे आणि तिथे गेलं तरी आपण रोपवेच्या रांगेत उभे राहतो. आणि मी जिथे येऊन पडले ती युनिव्हर्सिटी एका टेकडीवर पसरलेली होती. टेकडीच्या एका पायथ्याशी माझी केमिस्ट्रीची लॅब आणि दुसऱ्या पायथ्याशी माझी खोली. शेवटची बस नऊला. माझ्या रिॲक्शन साडेनऊ-दहाशिवाय संपायच्या नाहीत. मग लायब्ररीच्या बाजूच्या लांबलचक पायऱ्या, त्यानंतर पाइनच्या झाडांमधली पायवाट, वर पाण्याची टाकी, आणि तिथून पलीकडे उतार. ठरावीक अंतरावर निळ्या दिव्याचे खांब. त्यावरचं बटण दाबलं की पोलीस येतात म्हणे. मला पोलिसांपेक्षा हरणांची जास्त भीती वाटायची. ती अंधारातून एकदम समोर येऊन उभी राहायची आणि मीच त्यांच्या वाटेत आल्यासारखी बघायची.

पहिले दोन महिने मी रोज रात्री खोलीत शिरले की बाबांना मेसेज करायचे. तिकडे सकाळ झालेली असायची. बाबा घरापुढच्या ओट्यावर चहा घेऊन फोन समोर ठेवून बसलेले असायचे, हे मला आई सांगायची. मेसेजला उशीर झाला की फोन. मी चढावर धापा टाकत असायचे आणि कानात, "कुठे आहेस? अजून पोचली नाहीस?" पोचले असते तर धापा कशाला टाकल्या असत्या?

आणि मग ती रात्र झाली. ग्रुप मीटिंग लांबली, माझा फोन बॅगेत होता. बाबांनी सात वेळा फोन केला, आठव्या वेळी वेबसाइटवरून कॅम्पसच्या सुरक्षा ऑफिसचा नंबर शोधून तिथे केला. दोन धिप्पाड गार्ड टॉर्च घेऊन मीटिंगच्या खोलीत आले आणि माझ्या प्रोफेसरांसमोर, अकरा माणसांसमोर त्यांनी विचारलं, की इथे अमुक नावाची मुलगी आहे का, तिचे वडील काळजी करतायत. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून. म्हटलं, मी सव्वीस वर्षांची आहे, माझं मला जाऊ द्या, यापुढे पोचले की नाही हे विचारायचं नाही. बाबा म्हणाले, "बघतो." पुढचे दोन आठवडे आम्ही एकमेकांशी हवापाण्याशिवाय काही बोललो नाही.

याच दिवसांत मला हंसामासी भेटली.

डायनिंग हॉलच्या मागच्या दारापाशी, लायब्ररीच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, पन्नाशीतली एक बाई डोक्याला स्कार्फ बांधत उभी होती. किचनचा एप्रन, वर जाड कोट, पायात पुरुषी बूट. मला बघून म्हणाली, "वडोदरानी छे ने तुं?" बडोद्याची ना तू?

परक्या मुलुखात, रात्री दहाला, टेकडीच्या पायथ्याशी गुजराती. मी इतकी खूश झाले की काही विचारू नका. कसं ओळखलंत म्हटलं, तर म्हणाली, "बोलवा परथी खबर पडी जाय." बोलण्यावरून कळतं. ती मूळची करजणची, वीस वर्षांपूर्वी आलेली. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या राज्यात. डायनिंग हॉलमध्ये संध्याकाळची पाळी करायची आणि टेकडीपलीकडे, माझ्या खोलीच्या पुढच्या गल्लीत राहायची. "चाल, साथे जईए," ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.

चारच दिवसांनी बाबांचा फोन आला. "बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तसं. आजपासून नाही विचारणार."

माझा कानांवर विश्वास बसेना. दिलेला शब्द मोडायचा नाही ही बाबांची ख्याती, आणि कुणाचं ऐकायचं नाही ही त्याहून मोठी. ते माझं ऐकतात? मी आईला फोन करून म्हटलं, बाबा बदलले ग. आई म्हणाली, "हं." मी मैत्रिणींना सांगितलं. ज्यांचे वडील अजून तासातासाला फोन करत होते त्यांना मी मोठ्या तोऱ्यात सल्ले दिले, की एकदा स्पष्ट बोला, ऐकतात ती माणसं. बाबांच्या त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं जगले. कुणाला हे मोठं वाटणार नाही, पण मला पहिल्यांदा वाटलं होतं की मला सोडलंय. हाकलून नाही, विश्वासाने सोडलंय.

ती दोन वर्षं मासी आणि मी रोज टेकडी ओलांडली. बर्फावर पाय आडवा टाकायचा हे तिने शिकवलं. ती गोऱ्या पोरांच्या जेवणाच्या नावाने बोटं मोडायची, मीठ नाही, मिरची नाही, आणि तेच बटाटे रोज. मी लॅबमधल्यांच्या नकला करायचे. माझ्या रिॲक्शन फसल्या की ती विचारायची, "दूध फाटी गयुं?" मी हो म्हणायचे. इथे मी जी काही माणसं जोडली ती युनिव्हर्सिटीने जोडून दिली होती, लॅबमुळे, क्लासमुळे. मासी तेवढी माझी मी मिळवलेली होती, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेत नापास झाले. सहा महिन्यांनी एकच संधी, नाहीतर परत. त्या रात्री पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यावर बसून मी रडले. मासीने पिशवीतलं केळं काढून सोलून हातात दिलं आणि मी खाईपर्यंत शेजारी बसली. मी म्हटलं, मासी, घरी सांगणार नाही, बाबा खचतील. तिने मान हलवली. रविवारी बाबांनी विचारलं, "परीक्षेचं काय झालं?" मी म्हटलं, पुढे ढकलली. "बरं," ते म्हणाले. "होईल तेव्हा होईल. तब्येत सांभाळ." किती मऊ झालेत बाबा, असं मनात येऊन मला अपराधी वाटलं. सहा महिन्यांनी मी पास झाले तेव्हा त्यांना सांगितलं, परीक्षा झाली एकदाची. "शाबास," म्हणाले. आवाज जरा कापरा होता. मला वाटलं, लाइन खराब आहे.

गेल्या डिसेंबरात मी घरी गेले. बाबा आता रिटायर झालेत. सकाळी खंडेराव मार्केटात जाऊन चार जणांची भाजी आणतात, घरात दोनच माणसं आहेत हे कुणी सांगितलं तरी ऐकत नाहीत. मला ती सगळी भाजी बघूनच भरून आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते ओट्यावर आले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा भरलाय म्हणतोय सारखा. जरा रिकामा करून दे."

गुड मॉर्निंगची फुलं, सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी, भाचेकंपनीचे नाच. मी एकेक पुसत गेले. मध्ये एक नाव आलं, 'हंसाबेन यूएसए'. मला गंमत वाटली. बाबांच्या ओळखीचीही कुणी हंसाबेन तिकडे आहे, मासीला सांगायला हवं. मी उघडलं.

गुजराती लिपीत, रोज, एकच ओळ. "पहोंची गई." पोचली. खाली बाबांचं उत्तर, "ओके. आभार." वर सरकवत गेले तरी संपेना. पहोंची गई. ओके, आभार. पहोंची गई. ओके, आभार. अधूनमधून दुसरं काही. "शरदी छे, दवा आपी." "आजे बहु हसी." आणि एका तारखेला, "परीक्षामां नापास थई. बहु रडी. केळुं आप्युं. तमे कंई बोलता नहीं." तुम्ही काही बोलू नका. त्या दिवशी बाबांनी ओके लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, "नहीं बोलुं. केळुं आप्युं ते सारुं कर्युं."

केळं दिलंत ते बरं केलंत.

बाबा समोर झोपाळ्यावर बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. वाटलं, दचकतील. ते दचकले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हां, ते राहू दे. ते पुसू नकोस."

म्हणजे लपवलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणून तर फोन माझ्या हातात दिला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

हळूहळू सगळं कळलं. प्लांटमध्ये बाबांच्या हाताखाली करजणचे एक गृहस्थ होते, त्यांची ही वहिनी. माझ्या युनिव्हर्सिटीचं नाव निघालं, गाव जुळलं, बाबांनी शब्द टाकला. मी विचारलं, "तुम्ही मला शब्द दिला होता ना?"

"दिला होता," बाबा म्हणाले. "विचारणार नाही म्हटलं होतं. एकदा तरी विचारलं का तुला?"

"बाबा."

"अग, रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडता येत नाही. हंसाबेन मिळाल्या, मी चार्ज दिला, मग उठलो. त्याआधी कसा उठणार?"

"मी पॅनल आहे का?"

आई आतून आली, तिला सगळं आधीपासून माहीत होतं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "तुला सोबत होती की नाही? मग झालं तर," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलून घेऊन गेली.

मला माहीत आहे, हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक आता बाबांच्या बाजूने आहेत. बापाचं काळीज, वगैरे. मीही परीक्षेचं खोटं बोलले होते, हेही कबूल. पण ते खोटं मी एकटीने उचललं होतं आणि त्याच्या ओझ्याने मी रात्र रात्र जागले होते, आणि इकडे मासी, तिकडे आईबाबा, तिघांना ते ठाऊक होतं आणि तिघं मला ते उचलू देत होते. त्या रात्री वासण्याच्या माझ्या जुन्या खोलीत पडल्या पडल्या मला आणखी एक गोष्ट आठवली. मासीने मला बोलण्यावरून ओळखलं म्हणाली होती. मी तोवर तोंडच उघडलं नव्हतं. पहिल्याच वाक्याला मी फसले होते आणि दोन वर्षं मला ते दिसलं नव्हतं, कारण मला बघायचंच नव्हतं.

परत आले त्या रात्री मासी नेहमीच्या दारापाशी उभी होती. पिशवीत माझ्यासाठी काहीतरी गरम होतं, वास येत होता. मी म्हटलं, बाबांचा फोन बघितला. तिने पिशवी खाली ठेवली.

"कीधुं होत तो तुं मारी साथे चालत?" तिने विचारलं. सांगितलं असतं तर माझ्याबरोबर चालली असतीस?

"नाही," मी म्हटलं. रागात मराठीच आलं तोंडात.

"तो पछी," ती म्हणाली, मग झालं तर, अशा अर्थाने. अगदी आईसारखंच. मी पिशवी न घेता पायऱ्या चढायला लागले.

तेव्हापासून मी एकटी चालत होते. ती वीसेक पावलं मागे असायची. मी वळून बघत नव्हते, पण तिचे बूट ऐकू यायचे. रविवारी बाबा भाजीचे भाव सांगायचे, मी लॅबचं सांगायचे, पोचण्याबिचण्याचा विषय दोघंही काढत नव्हतो. ते अगदी पूर्वीसारखेच बोलत होते. मला मात्र त्यांच्या प्रत्येक 'बरं'च्या मागे काय असेल ते शोधायची सवय लागली. पास झाले तेव्हाचा तो कापरा आवाज आता आठवतो. तो आनंद होता, आणि तो माझ्यासमोर त्यांना उघड करता आला नाही, हेही मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

मागच्या आठवड्यात, पाइनच्या पायवाटेवर, मागचे बूट थांबले. मी चालत राहिले. चढ संपत आला तरी ते पुन्हा सुरू होईनात. मी उभी राहिले, शेवटी मागे फिरले. मासी वाटेच्या कडेला बसली होती, एक हात छातीवर, दुसऱ्याने गुडघा दाबत. "श्वास चढी गयो," ती म्हणाली, "बीजुं कंई नहीं." मी निळ्या दिव्याकडे निघाले तर तिने हात धरून बसवलं. पाच मिनिटांनी तिचा दम परत आला. मी तिला उठवलं आणि आम्ही टाकीपर्यंत सावकाश चढलो, मग उतरलो.

उतारावर मी विचारलं, "हजी मोकलो छो?" अजून पाठवता?

"ना. तारा पप्पाए ज ना पाडी. तुं त्यांथी नीकळी ते ज दिवसे." तुझ्या बाबांनीच नको म्हटलं, तू बडोद्याहून निघालीस त्याच दिवशी.

"मग माझ्या मागे का चालता?"

"मारोय रस्तो आ ज छे ने, दीकरा."

खरं असेल. बाबांनी शेवटी शब्द पाळला असेल, आणि रस्ता तर तिचा खरोखरच तोच आहे. बडोद्याला असते तर मी कुणालाही सांगितलं असतं, घर म्हणजे जिथे कुणाचं बोलणं तपासून घ्यावं लागत नाही ती जागा. तसं घर मला होतं, आणि टेकडीवरच्या या पंचवीस मिनिटांच्या वाटेवर दुसरं झालं होतं. दोन्ही माझ्याकडून एका दुपारी गेली. ज्यांनी नेली त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच कळत नाही.

माझी खोली मागे टाकून मी तिला तिच्या दारापर्यंत नेलं. दारावरचा दिवा गेलेला होता. मासीने किल्ली काढली, कुलूप दिसेना, म्हणून टॉर्च लावायला फोन काढला. मला तिच्या हातातली किल्ली घेऊन दार उघडून द्यायचं होतं. त्याआधी मी वाकून तिची स्क्रीन बघितली. तिथे वेळेशिवाय काही नव्हतं. आणि मी बघितलं हे मासीने बघितलं.